कवळ्यांच्या कपाटातली पुस्तकं

नवरा आतल्या खोलीत एकटाच हसला. हसला म्हणजे साधंसुधं नाही. पोटातून, खदखदून, आणि मग कुणी ऐकलं की काय म्हणून एकदम गप्प. ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, तिचा हात थांबला. त्याचा फोन तिच्या डोळ्यांसमोर, ओट्याजवळ चार्जिंगला लावलेला. टीव्ही बाहेरच्या खोलीत, बंद. घरात तिसरं माणूस गेलं दीड वर्ष नव्हतं. मग हा हसला कशाला? तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिथूनच ओरडून विचारलं असतं, अहो, काय झालं एवढं हसायला, आणि विषय तिथंच संपला असता. पण ही विचारणाऱ्यांतली नव्हती. विचारलं की माणूस सावध होतो, हे तिला नोकरीनं शिकवलं होतं. तिनं सुरी खाली ठेवली, नळ थोडा सोडला, म्हणजे आपण कामात आहोत असं आत वाटावं, आणि कानोसा घेत उभी राहिली. आत कपाटाचं दार कुरकुरलं. मग तो बाहेर आला, चेहरा अगदी कोरा, आणि विचारता झाला, जेवायला वेळ आहे का अजून. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाला असं पोटातून हसताना तिनं फार थोड्या वेळा ऐकलं होतं, आणि जेव्हा ऐकलं तेव्हा खोलीत आणखी कुणीतरी होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं, ह्यात तिला तिळमात्र शंका उरली नाही.

ती विमा कंपनीत दावे तपासायची. लोक लिहून पाठवतात ना, दुकानाला आग लागली, गाडी घसरली, जिन्यावरून पडून पाय मोडला, ते सगळं वाचायचं आणि त्यातलं खरं किती नि रचलेलं किती ते सांगायचं. ऑफिसातली पोरं तिला मागून भिंगबाई म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं; तिला ठाऊक नाही असं त्या ऑफिसात काही नव्हतंच. कामाची तिची पद्धत एकच. फाईल हातात आली की आधी शेवटचं पान काढायचं. हे तिला शिकवलं मामांनी, म्हणजे सगळ्या ऑफिसच्याच मामांनी. ते तेव्हा विभागप्रमुख होते. माणूस शेवटी काय मागतोय ते आधी बघायचं, मामा म्हणायचे, मग तो पहिल्या ओळीपासून काय काय रचत आलाय ते आपोआप दिसायला लागतं. आणि खरंच दिसायचं. आग लागलेल्या दुकानाचा मालक ज्वाळा कशा उसळल्या ते रंगवून लिहितो आणि त्या दिवशी दुकानात माल होता की नव्हता ते लिहायला विसरतो; पाय मोडलेला माणूस वेदनांवर पान भरतो आणि जिना कुठला ते सांगतच नाही. अशा जागी ती पेन्सिलीनं एक बारीक टिंब करायची. त्या टिंबाला सगळे घाबरून असत. ह्याचा एक परिणाम मात्र असा झाला, की वाचणं तिच्यातून उठून गेलं. कधीकाळी ती वाचायची, भसाभसा वाचायची. लग्नाआधी एकदा पाण्याचा पंप बंद करायला म्हणून गच्चीवर गेली, टाकीला टेकून पुस्तकात अशी बुडाली की पाणी जिन्यानं उतरत खालच्या बिऱ्हाडांच्या दारात गेलं, आणि साऱ्या बायकांनी मिळून तिच्या आईला बोल लावला. पण दिवसभर संशयानं वाचून डोळ्यांना तीच खोड लागली. संध्याकाळी कादंबरी हातात घ्यावी तर लेखक म्हणतो, नायिका तीन दिवस रडत होती. हिच्या मनात येणार, पाहिलं कुणी? नायक म्हणतो, मी तुला कधीच विसरणार नाही. ही म्हणणार, पुरावा? असं करत करत पुस्तकं रद्दीत गेली आणि ती सुटली. निदान तिला सुटल्यासारखं वाटलं.

नवरा सकाळी लवकर बाहेर पडायचा आणि ती त्याच्यानंतर तासाभरानं. दुसऱ्या दिवशी त्या मधल्या वेळात ती कपाटासमोर उभी राहिली. नवरा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून प्लॅस्टरचा साचा करायचा आणि त्यात एकेक दात बसवत न्यायचा, हे त्याचं काम. त्याच्या नखांत कायम पांढरं प्लॅस्टर असायचं, कितीही धुतलं तरी निघत नसे. जुने साचे टाकून द्यायचा त्याला धीर होत नसे, ते त्यानं घरच्या ह्या कपाटात रांगेनं लावून ठेवले होते. आणि ती हे कपाट सहसा उघडत नसे, कारण दार उघडलं की एवढी सगळी अनोळखी तोंडं एकदम दात दाखवायची. आज तिनं उघडलं. वरच्या कप्प्यात साच्यांच्या मागं हात घातला, आणि हाताला लागलं पुस्तक. ती दोन पावलं मागं सरली. दारूची बाटली निघाली असती तर तिला एवढं आश्चर्य वाटलं नसतं. ह्या माणसानं लग्न झाल्यापासून वर्तमानपत्राखेरीज काही वाचलेलं तिला आठवत नव्हतं, आणि वर्तमानपत्रसुद्धा तो खेळाच्या पानापासून उलटं वाचायचा. सर्कशीच्या तिकीटखिडकीवर बसणाऱ्या एका माणसाच्या आठवणी, असं ते पुस्तक होतं. आत शिक्का होता वाचनालयाचा, तोही शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या, दोन बस बदलून जावं लागतं तिथल्या. त्याच्या कामाच्या वाटेवर चांगलं मोठं वाचनालय असताना हा एवढ्या लांब कशाला जातो? ह्याचं उत्तर भिंगबाईला देता येण्यासारखं होतं. माणूस लांब जातो तो वस्तूसाठी नाही, माणसासाठी जातो. ती खाली बसली. पानांच्या कडांना पांढरे अंगठे उमटलेले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हणजे पुस्तक खरंच वाचलेलं होतं. तिनं शेवटचं पान काढलं, त्यात तिकीटवाला निवृत्त होऊन गावी निघाला होता, काही हाती लागलं नाही. मग मधलं एक पान उघडलं. त्यात सिंहाला सर्दी झाली होती, आणि तंबूभर लोक त्याची डरकाळी ऐकायला ताटकळत बसलेले, आणि सिंह शिंकला. ती हसली नाही. तोंड आवळून तिनं पुस्तक होतं तसं मागं ठेवलं, पण बसमध्ये एकदा तिला नाक दाबून धरावं लागलं.

पुढच्या आठवड्यात तिथं दुसरं पुस्तक आलं, मधमाश्या पाळण्यावरचं. मग एक खुनाची कादंबरी. मग कवितांचं अगदी बारकं पुस्तक, आणि त्याला चिकटून कोसळलेल्या पुलांचा इतिहास. तिनं मनात मांडणी सुरू केली, जशी फाईलची करायची. एका माणसाची आवड अशी नसते. ज्याला पुलांचं वेड तो कवितेकडं वळत नाही, आणि खुनाची गोडी असलेला मधमाश्यांच्या नादी लागत नाही. म्हणजे हा स्वतः निवडत नव्हता. ह्याला कुणीतरी निवडून देत होतं. आणि जे कुणी देत होतं त्याला डोकं होतं, चेष्टा कळत होती, आणि पुरुषमाणूस हे असं मिसळून देत नाही. बाईच. वय? कविता पाहिल्या तर चाळिशीच्या पुढची, सिंहाची शिंक पाहिली तर पंचविशीची. तिनं नवऱ्याला न्याहाळायला सुरुवात केली. शर्ट नवा नव्हता, केस तसेच, गुरुवारी मात्र उशीर व्हायचा. कारण विचारलं नाही तरी तो आपण होऊन सांगायचा की डॉक्टरांकडं माप घ्यायला गेलो होतो. न विचारता दिलेलं कारण म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. रात्री तो शेजारी घोरायचा आणि तिला वाटायचं, ह्या बाईनं ह्याच्यात काय पाहिलं असेल, मी इतकी वर्षं पाहते आहे तरी मला दिसलं नाही असं. हे वाटणं वाईट होतं. लेक घर सोडून गेली, आता नवराही चालला, मग ह्या तीन खोल्यांत आपण आणि हे प्लॅस्टरचे दात, एवढंच उरणार की काय.

आता खरी गोष्ट सांगायची तर, एवढ्या पुराव्यावर तिनं एरवी दोन दिवसांत प्रकरण निकालात काढलं असतं. बसमध्ये बसून त्या वाचनालयात जायचं, एका कोपऱ्यात उभं राहायचं, झालं. ती गेली नाही. आज जाऊ उद्या जाऊ करत राहिली, आणि कारणं स्वतःलाच देत राहिली, अगदी न विचारता. आधी पुरावा नीट गोळा होऊ दे. आधी त्या बाईचं मन तर कळू दे, पुस्तकांतनं कळेलच. म्हणून ती वाचत होती, हं, तपासापुरतं. पहिल्यांदा कपाटासमोर उभ्यानं, मग खाली बसून, मग खिडकीजवळ खुर्ची घेऊन, आणि एक दिवस बस चुकली. मग तिनं पुस्तक दाव्याच्या फाईलमध्ये घालून ऑफिसात न्यायला सुरुवात केली. पोरं आपसांत म्हणू लागली, भिंगबाई कसल्या तरी जबरदस्त प्रकरणाच्या मागं आहेत, मानसुद्धा वर करत नाहीत. खुनाच्या कादंबरीचा शेवट तिनं सवयीनं आधी वाचला, खुनी कोण ते कळलं, आणि मग पहिल्या पानापासून वाचताना तिला पहिल्यांदाच जाणवलं की आपण हातचं काहीतरी घालवून बसलो. त्या रागात तिनं पुलांच्या पुस्तकाला शेवटून हात लावला नाही. पूल पडणार हे तर ठाऊकच होतं, तरी प्रत्येक पूल बांधताना ती त्या इंजिनिअरांच्या बाजूची होऊन जायची, ह्या वेळी तरी टिकू दे म्हणायची. कविता तिला कळल्या नाहीत असं तिनं ठरवलं होतं. मग दुपारी साहेबांसमोर उभी असताना त्यातली एक ओळ आपोआप मनात आली, आणि साहेब काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. गच्चीवरच्या टाकीचं ऊन पाठीला लागतंय असं वाटलं, आणि लगेच दुसरं मन म्हणालं, सावध राहा, ही तिची चाल आहे. कारण आता तिला त्या बाईचा मत्सर वाटत होता तो वेगळ्याच कारणानं. नवरा नेला तर नेला म्हणा, पण असलं पुस्तक नेमकं शोधून काढणारं माणूस आपल्याला का भेटलं नाही? तिला त्या बाईशी बोलावंसं वाटत होतं. पुलांबद्दल बोलावंसं वाटत होतं. हे म्हणजे अतिच झालं, असं स्वतःला बजावून ती गुरुवारची वाट पाहायची.

आणि मग तिला अंगठ्यांचं लक्षात आलं. एवढी तपासनीस, पण पानांतल्या मजकुरात अशी गुंतली की पानांच्या कडांचा विचार करायचाच राहिला. आता आठवून पाहिलं, तर सर्कशीचं पुस्तक सोडून बाकीच्या कुठल्याही पुस्तकात पांढरा अंगठा पहिल्या दोनचार पानांच्या पुढं गेलेलाच नव्हता. मधमाश्यांत तर तो नुसता मुखपृष्ठावर. म्हणजे नवरा ही पुस्तकं वाचत नव्हता. आणायचा, साच्यांच्या मागं ठेवायचा, आणि आठवड्यानं परत न्यायचा. न वाचणारा माणूस पुस्तकं लपवून कशाला ठेवील? तिच्या मनात पाल चुकचुकली, पण ती कुठल्या बाजूला चुकचुकली ते काही तिला कळेना. त्याच आठवड्यात मुलांचं पुस्तक आलं. मोठं, पुठ्ठ्याचं, दीपगृहात राहणाऱ्या एका शेळीचं. तिनं ते बाहेर ओढलं आणि मांडीवर घेऊन तिथंच खाली बसली.

हे पुस्तक घरात होतं. ह्याचीच एक प्रत, फाटून चिंध्या होईपर्यंत होती. लेक लहान असताना रोज संध्याकाळी हेच वाचून दाखवायला लागायचं. लेकीला घरात खारू म्हणत, कारण खाऊ असो की बटणं, सगळं ती उशीच्या अभ्र्यात साठवून ठेवायची. दीपगृहाच्या रखवालदाराचा आवाज जाड काढायचा, शेळीचा नाकातून. आणि शेवटून तिसऱ्या पानावर शेळी वादळात समुद्रात पडते आणि परत येत नाही, ते पान ही बोटानं चिकटवून धरायची आणि दोन पानं एकदम उलटायची. मग शेवट मनानंच सांगायची, शेळी दिवा लावते आणि सगळी जहाजं घरी येतात, संपलं, झोप आता. खारूला अक्षरं लागली तेव्हा तिनं एकटीनं ते पान वाचलं, आणि पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. डोळे लाल. तू खोटं वाचत होतीस, एवढंच ती पोर म्हणाली होती. आणि मग आठवलं ते, जे गेलं दीड वर्ष ती मनातल्या मनात चिकटवून धरत होती. खारू मोठी होऊन नोकरीला लागलेली, आणि एक दिवस घरी येऊन सांगते की कंपनीनं आमचा सगळा विभागच बंद केला, माझी नोकरी गेली. शेवटी ही काय मागणार आहे, असं त्या क्षणी आईच्या डोक्यात आलं. दुसऱ्या दिवशी आईनं त्या कंपनीत फोन लावला आणि विचारलं, खरं आहे का हो हे. खरं होतं. फोन घेणारी बाई खारूच्या ओळखीची निघाली आणि दुपारपर्यंत गोष्ट लेकीच्या कानावर गेली. खारू आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. बॅग भरताना ती फक्त म्हणाली, "मी खोटं बोलले असते ना आई, तर निदान तुझं समाधान तरी झालं असतं." तेव्हापासून फोन नाही, येणं नाही. नवऱ्यानं कधी दोष दिला नाही, आणि तिनंही हा विषय घरात निघू दिला नाही.

त्या दिवशी ती ऑफिसला गेली नाही. संध्याकाळी नवरा आला, हातपाय धुऊन टेबलाशी बसला, तेव्हा त्याच्या समोर चहाचा कप आणि कपाशेजारी शेळी होती. त्यानं पुस्तकाकडं पाहिलं आणि चहा ओढला. घाबरला नाही, ओशाळला नाही. काम वेळेवर पुरं झाल्यावर माणूस बसतो तसा बसला. मग तिनं विचारायच्या आतच त्यानं सांगितलं. खारू गेल्या हिवाळ्यापासून त्या वाचनालयात कामाला आहे. दर गुरुवारी तो तिला भेटतो. बरी आहे, बारीक झाली आहे, एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. पहिलं सर्कशीचं पुस्तक तिनं त्यालाच वाचायला दिलं होतं, आणि ते त्यानं मनापासून वाचलं, फार हसू आलं. तू कपाट धुंडाळलंस हे दुसऱ्याच दिवशी कळलं, तो म्हणाला, एक साचा उलटा ठेवला होतास, वरचा जबडा खाली. हे त्यानं गुरुवारी खारूला सांगितलं. ती आत जाऊन मधमाश्यांचं पुस्तक घेऊन आली.

"मग माझ्या हातात का नाही दिलीत?" तिनं विचारलं.

"हातात दिली असती तर वाचली असतीस?"

तिनं शेळीचं पुस्तक आपल्याकडं ओढून घेतलं.

"तीच म्हणाली, लपवून ठेवा. आईला दिलेलं चालत नाही, तिला सापडावं लागतं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बापलेकींनी मिळून महिनाभर तिला खेळवलं होतं, आणि ती, भिंगबाई, खुशाल खेळली होती. बस चुकवत होती, कवितेच्या ओळी घोळवत होती, नसलेल्या सवतीशी मनातल्या मनात पुलांबद्दल गप्पा मारत होती. ती नवऱ्याशी बोलायची बंद झाली. कपाटात आता एक जाडजूड कादंबरी होती, नदीवर नाव चालवणाऱ्या एका घराण्याची, आजी, लेक, नात अशी उतरत आलेली. थोडी वाचून झाल्यावर तिनं ती मिटली आणि दोन दिवस हट्टानं पुन्हा उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली, कारण आजीनं नाव विकायला काढली होती तिथं ती थांबली होती आणि पुढं काय झालं ते कळल्याशिवाय जेवण गोड लागेना. पण वाचताना सारखी एक नजर त्या पोरीवर होती. ह्या सगळ्याच्या मागं हेतू काय? मामांची पद्धत इतक्या वर्षांत कधी चुकली नव्हती, शेवटी माणूस काय मागतोय ते बघायचं. तिनं सगळी पुस्तकं मनात पुन्हा रांगेनं लावली, सिंह, माश्या, खून, कविता, पूल, शेळी, नाव, आणि त्यांच्या शेवटाला मागणी शोधली. पैसे? नाही. घरी घ्या मला? खारूनं निरोप तसा दिलेला नव्हता, अबोला सोडून नवऱ्याला खोदून खोदून विचारलं तरी नव्हता. माफी माग? तेही नाही. शेळीचं पान जागेवर होतं, कुणी त्यावर बोट ठेवलेलं नव्हतं. मागणीच नसलेली फाईल तिनं नोकरीत एकदाही पाहिली नव्हती, आणि तिला तिचं काय करायचं ते कळेना. ऑफिसात तिच्यापुढं कुणाच्या तरी घरफोडीचा दावा पडला होता. ती तो पहिल्या ओळीपासून वाचत गेली, त्या घरातल्या बाईनं फुटलेल्या आरशाचं लिहिलं होतं, चोर आरसा कशाला फोडून गेले असतील म्हणून. हा प्रश्न दाव्याच्या काही कामाचा नव्हता. तिनं पेन्सिल उचलली, थोडा वेळ धरून ठेवली, आणि टिंब न करता फाईल पुढं पाठवली. मग साहेबांना पोट दुखतंय असं सांगून ती बाहेर पडली. पोट दुखत नव्हतं.

दोन बस बदलताना तिनं ठरवलं की आपण जातोय ते सभासद व्हायला. सरळ काम. नावेची कादंबरी निम्मी झाली होती, ती गुरुवारी परत जायची होती, आणि आपलं स्वतःचं नाव असलं म्हणजे कुणाच्या कपाटात हात घालावा लागणार नाही. म्हणून तिनं सगळे कागद बरोबर घेतले होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत, नीट क्रमानं: ओळखपत्र, घराचा करारनामा, विजेचं बिल, ऑफिसचं पत्र, प्रत्येकाची एक जास्तीची प्रत. वाचनालय एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. लाकडी जिना, भिंतीला टेकून ठेवलेल्या छत्र्या, आत पंख्याची घरघर आणि जुन्या कागदाचा कोरडा वास, जो नाकात गेल्यावर तिला उगीचच रडू येईल असं वाटलं. टेबलाशी ग्रंथपाल बसले होते, म्हातारे, कानाला यंत्र. आणि त्यांच्या मागं शिडीवर, पाठमोरी, पुस्तकं लावणारी एक मुलगी. केस कापलेले. कानामागं चष्म्याची काडी. खारूला चष्मा कधी लागला? आईला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणाला तरी, चष्मेवाल्याला, शेजारणीला, मैत्रिणीला आधी कळलं होतं. तिच्या मनात आलं, जिना उतरून परत जावं, अजून कुणी पाहिलेलं नाही.

ग्रंथपालांनी विचारलं, काय हवंय. ती म्हणाली, सभासद व्हायचंय, आणि पिशवीतून एकेक कागद काढून त्यांच्यासमोर मांडू लागली. पावलं वाजली तरी वळून न पाहणारी ती मुलगी आवाज ऐकल्याबरोबर शिडीवर थांबली. हातातलं पुस्तक अर्धं कप्प्यात, अर्धं बाहेर. ग्रंथपालांनी कागदांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी ते गोळा करून तिच्याकडं परत सरकवले आणि सांगितलं की कागद कुणीही आणतं, कागद बघून दिलेली पुस्तकं काही परत येत नाहीत हा इथला अनुभव आहे. म्हणून इथला नियम साधा आहे. इथलं कुणीतरी तुम्हाला ओळखत असलं पाहिजे, आणि त्यानं तसं तोंडानं सांगितलं पाहिजे. ती म्हणाली, माझ्याकडं सगळे पुरावे आहेत. ते म्हणाले, असतील हो, पण माणूस आहे का? आयुष्यात तिनं कुणाच्या शब्दावर एक कागद पुढं सरकवला नव्हता, आणि आता तिला एका शब्दाची गरज होती. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं असतं तर काम झालं असतं, तो तिथला सभासदच होता. ते नाव तिच्या जिभेवर आलं. तिनं ते घेतलं नाही. तिनं मान वर करून शिडीकडं पाहिलं, आणि तिला भीती वाटली, अगदी साधी भीती, लहान मुलाला वाटते तशी, की ही आता नाही म्हणेल. आणि नाही म्हणाली तर ते खोटं ठरणार नाही.

ग्रंथपालांनी तिची नजर पाहिली आणि मागं वळून विचारलं, "काय गं, तू ओळखतेस का ह्यांना?"

खारू शिडीवरून उतरली. सावकाश, एकेक पायरी. टेबलाशी आली, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि आईकडं पाहत राहिली, इतका वेळ की मागच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसानंही पान उलटायचं थांबवलं. सांगायला आईकडं पुष्कळ होतं, पण त्यातलं एकही कारण तिला आत्ता द्यावंसं वाटलं नाही.

"नीट नाही ओळखत," खारू म्हणाली. "पण आई आहे माझी. लिहा माझं नाव. पुस्तक परत येईल."

ग्रंथपालांनी एकदा हिच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं पाहिलं, आणि काही न तपासता नाव लिहून घेतलं.